हिरवळ बारमधलं माझं भाषण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण मध्येच कोणी हसलं की मला पुढचं सांगवत नाही. बायकोला मी ही गोष्ट अर्धीच सांगितली आहे. तुम्हाला पूर्ण सांगतो. तुम्हाला माझ्याबरोबर संसार थोडाच करायचा आहे!

मी मूळचा मूलचा. हे वाक्य नाशकात म्हटलं की लोकांना वाटतं, बिचारा अडखळतो. पण मूल नावाचं गाव आहे हो, चंद्रपूर जिल्ह्यात! चंद्रपूरहून गडचिरोलीला जाताना वाटेत लागतं. राइस मिल, धानाचा कोंडा आणि जिकडेतिकडे सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणारी माणसं. तिथे विशीत आमचा एक ऑर्केस्ट्रा होता. नाव ऐका. दंडकारण्य मेलडी पार्टी! बॅनरवर वाघ, वाघाच्या पंजात माइक. पेंटरने तो वाघ असा काही काढला होता, की गोंडपिपरीच्या पोट्ट्यांनी आमचं नाव 'मांजरपार्टी' करून टाकलं.

इक्बाल ट्रंपेट वाजवायचा. मी कोंगो. आणि गायचा गजू.

गजूचं काय सांगू? गोरा, आडव्या बांध्याचा, खांद्यापर्यंत केस, मिशी अशी की दोन्ही टोकांना लिंबू ठेवावं. आवाज लावला की मंडपातली सगळी माणसं गप्प व्हायची. आणि प्यायचा, तेही आवाजाच्याच मापाने.

तालमीला जागा होती हिरवळ बारची. दुपारी बार रिकामा असायचा. मालक म्हणायचा, "वाजवा लेकहो, गिऱ्हाईक आलं का बंद करा." पण नदीपलीकडे गडचिरोलीत दारूबंदी असल्याने अलीकडे आमच्याकडे गर्दी लवकर व्हायची, आणि आलेलं गिऱ्हाईक म्हणायचं, "बंद काऊन करता? वाजवा ना गा!" आमचे पहिले श्रोते ते. टाळ्या वाजवताना त्यांचे हात एकमेकांना सापडायचे नाहीत, पण प्रेम शंभर नंबरी!

मग मला नोकरी लागली, नाशिक गाठलं, आईवडील भावाकडे नागपूरला गेले आणि मूल सुटलं. तीस वर्षं झाली. मधल्या काळात चंद्रपूरलाही दारूबंदी झाली, मग ती उठली. बातमी वाचली तेव्हा मला वाटलं, चला, आपला हिरवळ उघडला असेल.

आणि परवा थंडीत अचानक इक्बालचा फोन.

"दिन्या, कुठी हायेस?"

"नागपूरला. भावाकडे आलोय."

"मंग रविवारी मूलले ये. बराब्बर बारा वाजता. हिरवळमधी. एक सरप्राइज हाय तुह्यासाठी."

"हिरवळ चालू आहे?"

"चालू? फुल्ल असते बे रविवारी!"

बस्स. मला रात्रभर झोप नाही. आता तुम्हीच सांगा, माणूस तीस वर्षांनी आपल्या बारमध्ये जाणार आणि बाराला सांगितलंय म्हणून बाराला जाईल? मी अकराला हजर!

पाटी नव्हती. पण दार तेच, पायरी तीच, पायरीचा तुटलेला कोपराही तोच. आत गेलो. अर्धवट अंधार. काउंटर जागेवर. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या आणि पंधरा-वीस माणसं शांत बसलेली. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'फक्त आजचा दिवस'.

मी मनात म्हटलं, वा! ऑफर चालू आहे!

काउंटरमागे एक सुकलेला, टकला, चष्मा लावलेला माणूस स्टीलच्या पिंपातून चहा काढत होता. मी म्हटलं, "काय भाऊ, एवढ्यात चहा? बरं द्या, सुरुवात चहाने. साखर कमी."

त्याने कप दिला आणि माझ्याकडे असं टक लावून पाहिलं, की मला वाटलं, कमी साखरेचा राग आला.

तेवढ्यात गोलात बसलेले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठले. सगळे त्यांना गुरुजी म्हणत होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"या भाऊ, या. पहिल्यांदाच आले?"

"पहिल्यांदा?" मी हसलोच. "अहो गुरुजी, माझी जवानी गेली या खोलीत!"

त्यांनी एक खुर्ची पुढे ओढली. मग हळूच म्हणाले, "जाते भाऊ. बऱ्याच लोकाईची गेली. बसा. नाव सांगाचं नसन तर नका सांगू."

नाव नाही सांगायचं? मी काय चोरून आलो होतो? मी उभा राहिलो आणि स्टेजवर सांगायचो तसं खणखणीत सांगितलं, "मी दिनकर!"

आणि काय सांगू! सगळी खोली एका सुरात म्हणाली, "नमस्कार दिनकर!" वर टाळ्या!

मला इक्बालचं सरप्राइज कळलं! या गड्याने आमचे जुने चाहते गोळा केले होते. तीस वर्षांनी! मांजरपार्टीचे चाहते! डोळे भरून आले हो माझे.

गुरुजी म्हणाले, "मन मोकळं करा भाऊ. इथी कोनी मधात बोलत नाई. तो नियमच हाय आमचा."

इथे मला एक कबुली द्यायला हवी. गोष्टीची खरी मेख इथेच आहे.

मी दारू पीत नाही. तेव्हाही प्यायचो नाही. हिरवळ बारमध्ये पाच वर्षं मी लिंबू-सोडा प्यायलो. एकदा गजूच्या आग्रहाने बिअरचे दोन घोट घेतले तर घरी जाऊन आईला सगळं सांगून रडलो. पण नाशकात ऑफिसात नवा होतो, मित्र नव्हते. एकदा डबा खाताना कोणीतरी विचारलं, "ऑर्केस्ट्रात होता म्हणे? मग मजा केली असेल!" आणि मी गजूचा एक किस्सा सांगितला. फक्त 'गजू'च्या जागी 'मी' घातलं. काय हशा पिकला! दुसऱ्या दिवशी दुसरा किस्सा. असं करत करत गजूची सगळी दारू मी पिऊन टाकली. तीस वर्षांत इतक्यांदा सांगितले ते किस्से, की कधीकधी मलाच वाटायचं, आपल्याला लिव्हर तपासून घ्यायला हवं.

तर असा मी, चाहत्यांसमोर उभा. हातात चहा. मधे बोलायचं नाही असा नियम. मला आणखी काय पाहिजे? गात कोण होता आणि कोंगोवर कोण, हे तीस वर्षांनी कोणाला आठवतंय!

"मंडळी," मी सुरू केलं, "गोंडपिपरीचा शारदोत्सव. मंडप खचाखच भरलेला. मी आधी सहा बिअर मारल्या होत्या. सहा! स्टेजवर गेलो, डोळे मिटले, गाणं सुरू. काय लागला होता आवाज! पण टाळ्याच येईनात. डोळे उघडतो तर समोर पडदा! मी अख्खं गाणं पब्लिककडे पाठ करून म्हटलं होतं. आणि वर त्या पडद्याला वाकून नमस्कारही केला!"

नाशकात इथे लोक टेबल बडवतात. इथे कोणी हसेना. एकाने मान खाली घातली. एकाने सुस्कारा सोडला. शेजारी बसलेल्या एका काळ्यासावळ्या माणसाने डोळे पुसले.

मला वाटलं, जुनी आठवण, भावनावश झाले असतील. चला, मोठा किस्सा काढू.

"कोरपन्याचं लग्न! सकाळी वरात वाजवली. मांडवाच्या मागे कोणीतरी मोहाची आणलेली. मी घेतली, परत घेतली, पुन्हा घेतली. मग सावली बघून जरा आडवा झालो. कुठे? कापसाने भरलेल्या गाडीत! गाडी निघाली, मला पत्ता नाही. जाग आली तर मी जिनिंग मिलच्या आवारात, आणि दोन माणसं कापसाबरोबर माझे पाय ओढतायत! इकडे पार्टीवाले अख्ख्या गावात मला शोधतायत! विहिरीत डोकावून आले बिचारे!"

काउंटरमागे चहावाल्याच्या हातातून चमचा पडला. तेवढाच आवाज.

तो शेजारचा माणूस उठला आणि त्याने मला घट्ट मिठी मारली. "भाऊ," तो हुंदका देत म्हणाला, "मी मारोती. माहा आज अकरावा दिवस हाय. आज मी येनारच नोतो. मनलं, काय फायदा? पन तुमच्यासारखा शिकलेला, इस्तरीच्या कपड्यातला मानूस असा उभा राहून सांगून राह्यला… मले लय ताकद आली भाऊ!"

अकरावा दिवस? कसला? माझ्या डोक्यात आधी तेरवीच आली. मी त्याच्या पाठीवर थोपटत म्हटलं, "होईल, होईल. दुःख हळूहळू कमी होतं."

गुरुजी पुढे झुकले. "दिनकरभाऊ, शेवटची कधी घेतली?"

आता अशा प्रश्नाला चाहत्यांसमोर काय उत्तर द्यायचं? मी कॉलर सरळ केली. "शेवटची? अहो गुरुजी, शेवटची कसली! इक्बाल येऊ द्या, आज इथेच बसायचंय! तुम्ही सगळ्यांनी पण थांबायचं. आजची माझ्याकडून!"

आजवर मी पुष्कळ शांतता पाहिल्या. परीक्षेच्या हॉलमधली पाहिली, साहेब रागावल्यावरची पाहिली. पण ती शांतता! मारोतीने मिठी सोडली आणि दोन पावलं मागे सरकला, जणू मी अंगावर पेट्रोल ओतून आलो होतो. पलीकडच्या खुर्चीवरचा एक म्हातारा कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे बापा! हे तर अजून चालूच हाय!"

गुरुजी मात्र शांत. ते म्हणाले, "हरकत नाई. तसेच आले तरी आले, हे महत्त्वाचं. भाऊ, हा व्यसनमुक्तीचा गट हाय. इथी बसलेला एकेक मानूस एकेक दिवस मोजून राह्यला. तुमी बी मोजान."

मी भिंतीकडे पाहिलं. फक्त आजचा दिवस. मारोतीकडे पाहिलं. अकरावा दिवस. चहाच्या पिंपाकडे पाहिलं. आणि मंडळी, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कानात कोंगो वाजायला लागला, तोही बेतालच.

"अहो… अहो नाही!" मी ओरडलो. "गैरसमज झाला! मी पीत नाही!"

सगळ्यांनी एकदम माना हलवल्या. अशा प्रेमाने, अशा समजुतीने, की बस!

"पयले सारेच असंच मनतेत," म्हातारा म्हणाला.

"मी बी चार वर्षं तेच मनत होतो," दुसरा म्हणाला.

"खरंच नाही हो! कधीच नाही! थेंबसुद्धा नाही!"

"आता तर मनलं ना तुमी, सहा बिअर?"

"ते खोटं होतं!"

"हाव, हाव," गुरुजी माझा हात चोळत म्हणाले. "खोटं बोलाव लागते. दारू बोलवते. बसा. पाणी आना रे कोनी. हात पाहा कसे कापून राह्यले त्यायचे."

हात कापत होते हो! का नाही कापणार! पण ते कशाने कापतायत, हे या वीस माणसांना कसं पटवू? जितकं नाही म्हणावं तितका मी अट्टल ठरत होतो! एकजण तर खिशातून कागद काढून विचारायला लागला, "घरचा नंबर सांगा भाऊ. वहिनीले कळवाव लागन." बायकोला! मूलहून फोन जाणार, की तुमचे मिस्टर रविवारी सकाळी अकरा वाजता बारमध्ये थरथरतायत!

"मी पीत नाही," मी जवळजवळ रडत म्हटलं. "देवाशपथ. त्या गोष्टी माझ्या नाहीतच."

"मंग कोनाच्या हाय?" मारोतीने विचारलं.

"माह्या हाय."

आवाज काउंटरमागून आला. तो चहावाला पुढे आला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. सुकलेला चेहरा, टक्कल, मिशीचा पत्ता नाही. पण तो आवाज! घोगरा झालेला, चिरलेला, पण त्याच्या तळाशी मला मंडपातला तो सूर ऐकू आला, आणि माझ्या हातातला कप फरशीवर पडून फुटला.

"गजू?"

"साखर कमी टाकली होती ना बे?" गजू म्हणाला.

मला धरणीने पोटात घ्यावं! तीस वर्षं मी ज्याचे किस्से चोरले, त्याच्याच तोंडावर, त्याच्याच बारमध्ये, त्याचाच चहा पीत पीत मी ते सांगितले होते. हावभावांसकट! आणि नियम म्हणून तो मधे एक शब्द बोलला नव्हता.

"गुरुजी," गजू म्हणाला, "हा मानूस पेत नाई. पाच वर्षं माह्या बाजूले बसून लिंबू-सोडा पेला हा. हे सारं मी केलं. गोंडपिपरीचा पडदा मीच. कोरपन्याचा कापूसबी मीच."

मग तो माझ्याकडे वळला. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"पन दिन्या, तुले कोरपन्याचं अर्धंच मालूम हाय. तुमी मले विहिरीत शोधून राह्यले होते, तवा मूलहून एक मानूस सायकलनं बस-स्टँडवर, तिथून बसनं कोरपन्याले आला होता. माह्या सासऱ्यानं धाडला होता. माही पोरगी झाली होती त्या दिवशी. मी जिनिंगमधी. निरोप घ्याले मीच नाई, तो तसाच वापस गेला. पोरीचं तोंड मी तिसऱ्या दिवशी पाह्यलं. बायको मनली, एवढे हसत काऊन आले? तुमी समदे रस्त्याभर हसवत आनलं होतं ना मले."

त्या रस्त्यात सगळ्यात जास्त कोण हसलं होतं, मला आठवतंय. कोंगोवाला.

मला काहीच माहीत नव्हतं. ना त्या निरोपाचं, ना पुढचं. मी नाशकात तो किस्सा सांगत होतो तेव्हा इकडे गजूचा आवाज गेला होता, कार्यक्रम गेले होते, बायको माहेरी गेली होती. हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं. ती परत आली, पोरगी आता नर्स आहे, आणि गजूला दारू सोडून नऊ वर्षं झाली. हिरवळच्या मालकाने बार पुन्हा उघडायच्या ऐवजी हा हॉल दर रविवारी या लोकांना दिला, तोही गजूच्याच सांगण्यावरून. किस्सा सांगायची परवानगीही त्यानेच दिली. म्हणाला, "सांग. पन या वेळी नाव माहं घाल."

पण हे सगळं नंतर. त्या क्षणी मी फक्त उभा होतो. म्हटलं, "गजू, माफ कर यार. मला वाटायचं, त्या गमतीच्या गोष्टी आहेत."

"मलेबी वाटत होतं," गजू म्हणाला.

मग मी मारोतीकडे वळलो. खरी भीती मला त्याची होती. माझं भाषण ऐकून त्याला ताकद आली होती, आणि ते भाषण तर अख्खं बोगस! आता हा उठून सरळ दारूच्या दुकानात गेला तर? त्याचं पाप कोणाच्या माथी?

"मारोतीभाऊ," मी हात जोडले, "मी खोटं बोललो. पण ते सगळं घडलंय. फक्त माझ्यासोबत नाही."

मारोती माझ्याकडे पाहत राहिला. मग गजूकडे. मग परत माझ्याकडे. त्याच्या ओठाचं एक टोक हललं. मग दुसरं. आणि तो माणूस जो काही हसायला लागला! पोट धरून, खुर्चीवर वाकून! त्याला पाहून म्हातारा हसला, मग गुरुजी, मग सगळी खोली. गोंडपिपरीच्या पडद्याला तीस मिनिटं उशिराने हशा मिळाला.

तेवढ्यात दारात इक्बाल. हातात समोशांची पुडी, घड्याळात बाराला पाच कमी. फुटलेला कप पाहिला, घामाने भिजलेला मी पाहिला, हसणारे वीस लोक पाहिले.

"काय झालं बे? मी तर तुले बाराले बोलावलो होतो! मीटिंग संपल्यावर गजूले भेटवाचं होतं, सरप्राइज! तू आधीच येऊन काय केलं?"

मी खाली वाकून कपाचे तुकडे गोळा करायला लागलो. गजूही वाकला. दोघं फरशीवर गुडघ्यांवर, समोरासमोर. त्याने माझ्या हातातला तुकडा काढून घेतला आणि कानाशी येऊन म्हणाला,

"दिन्या, पंचवीस वर्षं पिऊन मी जेवढी इज्जत नाई घालवली ना बे, तेवढी तू न पेता अर्ध्या घंट्यात घालवली."